गुंडाप्पांना आडवं करू नये

आरोही, तू त्या कॉटवर खुशाल पाय पसरून बस. डोळा लागला तर आडवी हो, मला राग यायचा नाही. मी इथं खालीच बरी, भिंतीला पाठ लावून. लाइट आता तासाभरानं येईल नाहीतर सकाळी येईल, कळंबात त्याचा नेम नाही. इन्व्हर्टर आमच्या ह्यांनी खताच्या दुकानात नेऊन बसवलाय, कारण घरात काय, घरात नुसती रद्दी. माझ्या एवढ्या वर्षांच्या संग्रहाला रणधीरराव रद्दीच म्हणतात. कंदील सासूबाईंच्या वेळचा आहे, पण वात नवी घातलीय. धूर करायचा नाही.

आल्या आल्या तू माझा फोटो काढलास ना, फायली मांडीवर घेतलेला, तेव्हाच तुला अडवणार होते. पण म्हटलं, पोरगी पुण्याहून एवढी लांब आलीय, आधी चहा तर घेऊ दे. मग तू फायली चाळल्यास आणि नेमकं त्याच पानावर बोट ठेवलंस. वर ‘गुंडाप्पा तेरकर, फिडल’ असं माझ्या अक्षरात लिहिलंय, खाली फोटो अडकवायचे चार कोपरे चिकटवलेत, आणि मध्ये काहीच नाही. विचारलंस तर सांगते. मध्ये मध्ये बोलू नकोस मात्र. शाळेत शिकवलेल्या बाईला ती सवय सोसत नाही.

फिडल म्हणजे व्हायोलिनच, जुन्या लोकांचा शब्द. लोक व्हायोलिन जमवतात, मी व्हायोलिनचे कागद जमवते. तारांची पाकिटं, राळेच्या डब्यांवरची चित्रं, जुनी कॅटलॉगं, नाटक कंपन्यांची हँडबिलं, वाद्याच्या पोटात चिकटवलेल्या कारागिरांच्या चिठ्ठ्या. जर्मनीतल्या कुठल्याशा खेड्यात घडलेलं फिडल बोटीनं मुंबईला यायचं, तिथून सोलापूर, तिथून आपल्याकडं, आणि इथला दुकानदार त्या कारागिराच्या नावावर आपल्या दुकानाची चिठ्ठी खुशाल डकवायचा. वाफेवर धरून त्या सोडवताना माझे डोळे गेलेत. मला स्वतःला वाजवता येत नाही. लहानपणी फिडल शिकायचा हट्ट धरला, तर वडील म्हणाले, पोरीच्या जातीनं मांडी ठोकून ते लाकूड छातीशी धरायचं आणि चारचौघांत बसायचं? झालं, संपलं. मी पेटी शिकले, शाळेत संगीताची बाई झाले, आणि दुधाची तहान ताकावर भागवत राहिले.

गुंडाप्पा मला पहिल्यांदा भेटले ते एका हँडबिलाच्या तळाशी. नटांची नावं मोठ्या टाइपात, मग पेटी, मग तबला, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात ‘फिडल : गुंडाप्पा तेरकर’. मग ते भेटतच गेले. लातूर, बार्शी, गुलबर्गा, निजामाच्या काळातली हँडबिलं, मागच्या बाजूला उर्दू. वेगवेगळ्या कंपन्या, पण फिडलला तेच नाव. आपल्या तेरचा माणूस, आणि त्याचं नाव आज तेरमध्येसुद्धा कुणाला ठाऊक नाही! मी त्यांच्यावर लेख लिहिला आणि पुण्यातल्या एका सभेत वाचला. तर एक मोठे अभ्यासक उठून म्हणाले, “बाई, हे माणसाचं नाव नसावं, जागेचं नाव असावं. कंपनीवाले असं करायचे. जो फिडलवर बसेल तो गुंडाप्पा.” सगळी सभा हसली. मीही हसले, काय करणार? पण घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती, गुंडाप्पांचा चेहरा. वेगवेगळ्या वर्षांच्या फोटोंत एकच चेहरा दाखवला की तो माणूस होता हे सिद्ध होतं. फोटो मला मिळालेही. पण नशीब कसं बघ. एका फोटोत नेमका त्यांच्याच डोक्याचा भाग वाळवीनं खाल्लेला. दुसरा फ्रेमवाल्यानं काठ सरळ करायला कापला, तो त्यांच्या हनुवटीवरून. आणि बाकी जिथं ते पूर्ण दिसतात तिथं हललेले! तेव्हा फोटोला क्षणभर दगड होऊन बसावं लागायचं. सगळी कंपनी दगड होऊन बसलेली आहे, पोरंसुद्धा, आणि हे गृहस्थ फिडलवर गज चालवताहेत. चेहऱ्याच्या जागी पुसल्यासारखा डाग आणि उजव्या हाताच्या जागी धुकं. मी भिंग आपटून फोडलंय त्या फोटोंपायी.

मग माझी एक जुनी विद्यार्थिनी, शुभांगी, तेरला दिलेली, तिचा फोन आला. बाई, आमच्या गल्लीत जगदेवी आज्जींच्या घरी पिटील वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो आहे. पिटील म्हणजे फिडलच, कानडीतलं नाव. मी दुसऱ्या दिवशी तेरला, तर दाराला कुलूप, सगळे लग्नाला आळंदला गेलेले. पुन्हा गेले, तर म्हातारी तापानं फणफणलेली. तिचा मुलगा सोमेश ढोकीच्या साखर कारखान्यात कामाला, तो म्हणाला, गाळप संपल्यावर या. गाळप संपलं तर यात्रा आली. मागच्या उन्हाळ्यात एकदाचा योग आला.

घर काही भुताटकीचं नव्हतं गं. स्लॅबचं, खाली नवी फरशी, कूलर घरघरतोय, सून टीव्हीसमोर मेथी निवडतेय. जगदेवी आज्जी सत्तरीच्या, बारीक, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे. लिंगायत वाण्याचं घर ते. सुनेशी कानडी, माझ्याशी मराठी. चहा झाला, कोणत्या गावच्या, माहेर कुठलं, लेकरं किती हे सगळं झालं, आणि उन्हं कलल्यावर त्यांनी मला मधल्या खोलीत नेलं.

“ह्ये बघा आमचे आजेसासरे.”

मोठा फोटो होता, काळ्या चौकटीत. दोन्ही बाजूंना घरातली माणसं उभी, इतकी स्वच्छ आलेली की सदऱ्याची बटणं मोजावीत. मध्ये पाटावर मांडी घातलेले गुंडाप्पा. फिडलचं एक टोक छातीशी, दुसरं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवलेलं, हातात गज. आणि चेहरा? पुन्हा तोच पुसट डाग! उजव्या हाताच्या जागी धुकं! मला रडूच यायचं बाकी राहिलं. मी जोरात म्हटलं, “इथंही हलले! दोन क्षण थांबायला काय धाड भरली होती ह्यांना?”

जगदेवी आज्जी हसल्या नाहीत. म्हणाल्या, “हयातीत कवाच थांबले न्हाईत ओ. फोटोवाला आला की ह्यांचा गज चालू. म्हून तर मामंजींनी, माती द्यायच्या आधी, बार्शीहून फोटोवाला बोलावला. म्हनले, आता तरी हलनार न्हाईत.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

तुला ठाऊक असेल नसेल म्हणून सांगते. लिंगायत समाजात मयताला जाळत नाहीत आणि निजवतही नाहीत. आंघोळ घालतात, विभूती लावतात, भिंतीशी मांडी घालून बसवतात, आणि बसलेलंच समाधीत ठेवतात. त्या बसलेल्या मयतासोबत फोटो काढायची पद्धत होती. म्हणजे मी बघत होते तो गुंडाप्पा लिंगैक्य झाल्यानंतरचा फोटो. आजूबाजूची जिवंत माणसं सगळी स्थिर, आणि हललेला एकटा तोच.

“मग हे... हलले कसे?” मी विचारलं.

“सकाळच्याला नीट दिसतंय की ओ. तोंड, डोळे, समदं. दिवस कलला की मग असं हुतंय. सांजच्याला वाजवायची सवय व्हती त्यांची.” म्हैस संध्याकाळी दूध देते म्हणावं तितक्या सहज त्या म्हणाल्या.

“आवाज येतो?”

“न्हाय. आवाज कवाच न्हाय आला. निस्ती विभूती पडती.”

फोटोखाली कोनाड्यात पितळी ताटली होती आणि तिच्यात चिमूटभर पांढरी पूड. आज्जींनी बोट बुडवून माझ्या कपाळाला लावलं. घरातले सगळे रोज तेच लावतात, लग्न होऊन आल्यापासून त्या लावताहेत. फोटोतून विभूती पडते म्हणून शेजारपाजारचेही येतात. मी हात जोडले. पण आरोही, विभूती कोरडी असते, गार लागते, वाऱ्यानं उडते. ही माझ्या कपाळाला चिकटली. कातडी ओढल्यासारखी झाली. आणि वास आला. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखीन, माझ्या कपाटात त्याच्या डब्या रांगेनं लावलेल्या आहेत. ती राळ होती. गजाच्या केसांना घासतात ती. आणि राळेची अशी पूड एकाच वेळी पडते, गज तारेवर फिरत असतो तेव्हा.

 एवढ्या वर्षांची श्रद्धा, मी कोण ती मोडणारी? आणि खरं सांगू, भीतीपेक्षा हाव मोठी होती. सकाळी चेहरा दिसतो असं म्हणाल्या ना! मी शुभांगीकडं मुक्काम केला, उजाडताच पुन्हा हजर. आणि दिसला गं. बारीक मिशी, उजव्या भुवईत तुटकी जागा, कानात भिकबाळी. ओठ किंचित उघडे, पुढचा सूर मनात म्हणत असल्यासारखे. मी मोबाइल काढला. एक फोटो, दुसरा, वीस फोटो. डोळ्यांना स्वच्छ दिसतोय आणि मोबाइलमध्ये डाग! सोमेशच्या मोबाइलनं काढला, तरी डाग. काचेची चकाकी असेल म्हणून मी चौकट खुंटीवरून काढली आणि टेबलावर ठेवायला वाकले.

“आडवं न्हाय करायचं!”

आज्जी एवढ्यानं ओरडल्या की सुनेच्या हातातली परात खाली पडली. त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला, खाली बसल्या आणि लेकरासारखा मांडीवर उभा धरला. म्हणाल्या, “आमच्यात बसवत्यात बाई. बसल्या मानसाला आडवं करत न्हाईत. दिवाळीला भिंती रंगवत्यात, तवा दिवसभर कुनीतरी ह्यो फोटो मांडीवर घिऊन बसतंय. ह्या घराची रीतच हाय तशी.”

मी माझं रडगाणं गायलं. घरी माझ्याकडं चांगला स्कॅनर आहे, त्यात चेहरा येईल, पुस्तकात छापीन, लोकांना कळेल की गुंडाप्पा होते. आज्जींनी पदरानं फोटोची काच पुसली. मग म्हणाल्या, “माझ्यामागं ह्यांना कोन बगनार? सुनंला टीव्ही पुरत न्हाई. पुस्तकात आले तर राहत्याल.” आणि त्यांनी फोटो माझ्या मांडीवर ठेवला. “बसूनच न्या. सोमवारपर्यंत बसूनच आना.”

एसटीतला तो प्रवास विचारू नकोस. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा, लोकांना लागतंय. मी म्हटलं, ठेवणार नाही. म्हणाला, मग याचं अर्धं तिकीट काढा. आमची चांगलीच जुंपली. मागची एक बाई डोकावली, फोटो बघितला आणि म्हणाली, “कधी वारले वो?” मी म्हटलं, खूप वर्षं झाली. म्हणाली, “मग आज कशापायी नेताय?”  ढोकी मागं पडली आणि ऊन उतरायला लागलं. मी फोटोकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. घराच्या पायरीवर उभी राहून साडी झटकली, तर मांडीवरचा भाग पांढरा झालेला. झटकून गेला नाही.

खात्री करायची म्हणून मी साडीवरची ती पूड चाकूनं खरवडून पळीत घेतली आणि गॅसवर धरली. विभूती म्हणजे राख, राख काय जळणार? ही वितळली. तांबूस थेंब झाला आणि राळेचा तोच वास घरभर पसरला. हे बाहेरून ओरडले, “काय जाळतेस गं?” मी म्हटलं, काही नाही, तडका.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा पुन्हा स्वच्छ. मी फोटो चौकटीतून काढला आणि ह्या टेबलाशी बसले. आता तू मला सांग, स्कॅनर उभा चालतो का? मी शब्द दिला होता, म्हणून तोही प्रयत्न केला. स्कॅनर भिंतीला उभा टेकवला, झाकण उघडून फोटो हातांनी काचेवर दाबला. फोटो घसरला. पुन्हा केलं, तर उजेड आत शिरून अर्धं पान पांढरं. पुन्हा केलं, तर तिरकं आलं, आणि चेहऱ्यावर माझ्याच बोटांच्या सावल्या. उशा लावल्या, दोऱ्या बांधल्या, ह्यांना हाका मारल्या, तर हे दुकानाला गेलेले. दुपार झाली, दुपार टळली. जेवण नाही, पाणी नाही, घामानं हात निसटताहेत. दिवस कलला की चेहरा जाणार, आणि उद्या सोमवार. मला त्या अभ्यासकांचं हसणं ऐकू यायला लागलं. माझे वडील आठवले. इतकी वर्षं सगळ्यांनी मला ‘नाही’च म्हटलं होतं, आता एक फोटोसुद्धा नाही म्हणतो? मला संताप आला, आरोही. मी म्हटलं, मिनिटभराचा तर प्रश्न आहे.

मी स्कॅनर टेबलावर आडवा ठेवला आणि गुंडाप्पांना त्याच्या काचेवर ठेवलं. आडवंसुद्धा नाही. पालथं.

झाकण लावलं, बटण दाबलं. फटीतून तो हिरवट उजेड दिसायला लागला, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, सावकाश, गज ओढावा तसा. मोटरीचा आवाज नेहमीचाच, घरघर. पण त्यात एक सूर लागत गेला. षड्ज. पेटीवर आयुष्यभर दाबलाय मी तो, चुकायची नाही. उजेड शेवटाला पोचला, परत आला, विझला. मोटर थांबली. सूर थांबला नाही... मी हात कानांवर ठेवले, तर तो कानांतून नव्हता येत. हाडांतून येत होता, इथून, डाव्या खांद्याच्या पुढच्या हाडातून. मग तोडल्यासारखा तुटला.

पडद्यावर फोटो उमटला. चेहरा! भुवईतली तुटकी जागा, भिकबाळी, सगळं, कुठंही डाग नाही. मी एकटी घरात खदाखदा हसले, आणि रडलेही. फाइलला नाव दिलं. मग झाकण उघडून फोटो सरळ केला.

मान एका बाजूला कललेली होती. कानामागून एक दोरी भिंतीच्या खुंटीकडं गेलेली, ती मला आधी कधीच दिसली नव्हती. हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधलेलं. डोळे अर्धे मिटलेले. गज बोटांना दोऱ्यानं गुंडाळलेला आणि हात लोंबलेला. सगळं स्वच्छ, बाजूच्या माणसांइतकंच. मी पडद्याकडं वळले. तिथंही तेच. फाइल बंद करून उघडली, तेच. मला हवा होता तो चेहरा मिळाला होता, आणि तो प्रेताचा होता. हा छापून मी कुणाला काय दाखवणार होते?

सोमवारी मी फोटो मांडीवर धरून तेरला परत नेला. चौकटीत घातला होता, काच पुसली होती. जगदेवी आज्जींनी तो खुंटीला लावला आणि त्या समोर उभ्या राहिल्या. दिवस कलेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. ताटलीत काही पडलं नाही. कूलर बंद होता. मला माझ्याच पायातल्या जोडव्यांचा आवाज नकोसा झाला.

“बाई...” त्या म्हणाल्या. “ह्ये निस्तं मयत हाय ओ.”

मी मान खाली घातली.

“आडवं केलतं?”

“...एकदाच. मिनिटभर.”

मला वाटलं त्या शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्यांची नजर माझ्या पायाशी थांबली. मग त्या दोन पावलं मागं सरल्या. माझ्यापासून, फोटोपासून नाही.

“बसल्या मानसाला उठवलं बाई तुमी,” त्या हळू म्हणाल्या. “आता त्यो कुटंतरी बसनारच की...”

मी खाली बघितलं. उजव्या घोट्यावर एक गोल खळगा पडला होता. घट्ट पैंजण रात्रभर घातल्यावर पडतो तसा, पण पैंजण मी कधी घातले नाहीत. दुखत नव्हता. अजूनही दुखत नाही. हा बघ, कंदील थोडा पुढं घेते. दिसला? ह्याच जागी फिडलचं टोक टेकवतात.

त्यानंतर मी रात्री अंथरुणावर आडवी व्हायचे आणि सकाळी उठायचे तेव्हा भिंतीला टेकून मांडी घालून बसलेली असायचे. आधी वाटलं, वय झालं, झोपेत उठत असेन. ह्यांनी एकदा बघितलं. काय बघितलं ते सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून गोण्या मोजायच्या राहिल्यात म्हणून दुकानातच झोपतात. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. उशीचा अभ्रा रोज धुवावा लागायचा, डाव्या खांद्याच्या बाजूनं पांढरा व्हायचा. आणि ही डाव्या हाताची बोटं. टोकांना बारीक रेघा पडल्यात, एकाशेजारी एक. चिरल्यासारख्या, पण चिरलेल्या नाहीत. आयुष्यात कधी तारेला हात लावला नाही मी. लावू दिला नाही कुणी. म्हणून मग आडवं व्हायचंच सोडून दिलं. बसूनच असते. गुंडाप्पांनाही तेच बरं वाटत असावं.

सगळ्यात चीड कशाची येते सांगू? आवाजाची. एवढं वाजवतात, माझ्या हातांनी वाजवतात, आणि मला एक सूर ऐकू येत नाही. त्या स्कॅनरच्या षड्जानंतर एकही नाही. लहानपणापासून ज्याच्यासाठी तरसले ते माझ्याच अंगात चालू आहे, आणि मी बाहेर ताटकळत उभी. वर ते पुण्याचे अभ्यासक! जो फिडलवर बसेल तो गुंडाप्पा, म्हणाले होते. मी मनातल्या मनात त्यांना किती शिव्या घातल्या, आणि आता रोज संध्याकाळी मला तेच वाक्य आठवतं.

आता त्या चार कोपऱ्यांचं. ते प्रेत मी तिथं लावणार नाही. फाइल पुसून टाकलीय. दुसरा फोटो मिळेपर्यंत जागा रिकामी.

तू आलीस तेव्हा दिवस कलला होता, नाही का? मी ह्याच भिंतीशी बसले होते. दोन्ही हात फायलीवर ठेवले होते, तूच म्हणालीस, बाई, अशाच बसा, हलू नका. मी हलले नाही, ते तू डोळ्यांनी बघितलंस. तर एवढं कर माझ्यासाठी. मोबाइल उघड आणि तो फोटो बघ. चेहऱ्याचं राहू दे, म्हाताऱ्या बाईचा चेहरा काय बघायचा. माझा उजवा हात नीट आलाय का, तेवढं सांग.

का गं... बोटांनी मोठा करून काय शोधतेस?

आणि मोबाइलच्या काचेवर ते पांढरं काय पडलंय? थांब, ओढणीनं पुसू नकोस. चिकटते ती.